द्रुतलयीतील शब्द : दुर्गाघाट, हणजूण आणि डीजेचे संधान

१

गायिल्या जाणाऱ्या शब्दाला मराठी वाङ्मयेतिहासाने आरंभापासून स्थान दिले आहे. अभंग, भारूड, पोवाडा, लावणी, नाट्यपद यांचा विचार करताना संहितेबरोबर चाल, ठेका आणि श्रोतृसमूह यांचीही दखल घ्यावी लागते, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. मात्र गेल्या चार दशकांत मराठी मुलखात व त्याच्या सीमेवर रुजलेली एक प्रयोगकला या इतिहासाच्या बाहेरच राहिली आहे. द्रुतलयीच्या इलेक्ट्रॉनिक संगीताची ध्वनिमुद्रणे एकमेकांत मिसळून कित्येक तासांचा सलग प्रयोग उभा करणारी डीजेची कला ती हीच. ती बाहेर राहण्याचे कारण उघड आहे. तिच्यात संहिता जवळजवळ नाही, आणि जी आहे ती दुसऱ्याची आहे.

प्रस्तुत निबंधात या कलेकडे एका मर्यादित प्रश्नाच्या अनुरोधाने पाहायचे आहे. लय द्रुत होते तेव्हा शब्दाचे काय होते? हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. तिने त्याला निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. डीजेचे उत्तर त्या उत्तरांच्या शेजारी ठेवून पाहिले, तर त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते आणि जुन्या उत्तरांकडेही नव्याने पाहता येते.

संज्ञेचा खुलासा आधी करायला हवा. चालू असलेले ध्वनिमुद्रण संपण्यापूर्वी दुसरे सुरू करणे, दोहोंचे ठेके जुळवणे आणि नर्तकाच्या पावलांत खंड पडू न देता त्याला एकातून दुसऱ्यात नेणे, या क्रियेला येथे 'संधान' म्हटले आहे. रूढ शब्द 'मिक्सिंग' असला, तरी मिसळण्यापेक्षा जोडण्याचा अर्थ येथे अधिक महत्त्वाचा आहे.

२

या विचारासाठी काशीच्या दुर्गाघाटाची जागा सोयीची आहे. पंचगंगा आणि ब्रह्माघाट यांच्या मध्ये असलेला हा घाट पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी १७४०च्या सुमारास बांधविला. या परिसरात स्थिरावलेली मराठी वस्ती आपली भाषा, कुळाचार व उत्सव यांसह अडीच शतकांहून अधिक काळ हिंदी-भोजपुरी भाषकांच्या शहरात राहिली. मराठी ग्रंथरचनेचा काशीशी संबंध तर त्याहूनही जुना आहे. नाथांचे भागवत १५७३ मध्ये काशीतच पूर्ण झाले. नाथांनी भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी यांची लोकांना आधीच ठाऊक असलेली सोंगे, त्यांचे ठेके आणि संबोधने घेतली व त्यांतून वेगळा अर्थ बोलविला. परक्या द्रव्यावर आपला प्रयोग उभारणे आपल्या वाङ्मयाला किती जवळचे आहे, हे त्यावरून ध्यानात येते.

दुर्गाघाट बांधला जात होता त्याच काळात मराठवाड्यात अमृतराय (१६९८–१७५३) कटाव रचीत होते. कीर्तनात साकी, दिंडी, आर्या, श्लोक अशा भिन्न चालींच्या रचना आख्यानाच्या ओघात जोडल्या जातात. त्यांतला कटाव हा मुळातच द्रुतलयीचा प्रकार. येथे लय वाढते तशी शब्दांची दाटीही वाढते. अनुप्रासांची साखळी, लांबत जाणारा चरण, श्वासाला विसावा न देणारी गती यांमुळे ऐकणाऱ्याला प्रत्येक शब्दाचा अर्थ वेगळा लावायला वेळ मिळत नाही. अर्थ चित्रासारखा एकदम उभा राहतो. द्रुतलयीत शब्दाची बेरीज होणे, हे पहिले उत्तर.

दुसरे उत्तर काशीचे स्वतःचे आहे. बनारसी बोल-बनाव ठुमरी दीपचंदी (१४ मात्रा) किंवा जत (१६ मात्रा) अशा तालात संथपणे उलगडते. गायिका एकेका शब्दाला निरनिराळ्या भावांनी वळविते. शेवटी मात्र तबलावादक लग्गी धरतो. ठेका बहुधा केरव्याच्या द्रुत अंगाने धावू लागतो, आणि गायिका मुखड्याची तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहते. थोड्या वेळाने तिहाई घेऊन तबला मूळच्या संथ ठेक्यावर परततो. लग्गीमध्ये शब्द वाढत नाही आणि नाहीसाही होत नाही. तो एका ओळीवर स्थिर राहतो, गती त्याच्याखालून वाहते. पीटर मॅन्युएल यांनी १९८९ मध्ये ठुमरीचा इतिहास लिहिला आणि १९९३ मध्ये उत्तर भारतातील कॅसेटसंस्कृतीवरचा ग्रंथ. एकाच अभ्यासकाने ही दोन क्षेत्रे हाताळली, हे आपल्या दृष्टीने सूचक आहे.

लग्गीपासून लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की आपल्याकडे लयबदल हा प्रमाणाचा व्यवहार आहे. ठाय, दुगुण, चौगुण ही नाती पूर्णांकांची. संथ आणि द्रुत एकाच वेळी नांदू शकतात, कारण दोहोंची सम एक असते. डीजेच्या तंत्राकडे वळताना हा मुद्दा हाताशी असलेला बरा.

३

डीजेपुढे दोन ध्वनिमुद्रणे असतात, आणि त्यांची गती सहसा एकसारखी नसते. एक मिनिटाला १४५ ठोक्यांचे, तर दुसरे १४२चे. तबकडीच्या यंत्रावर गती कमीअधिक करणारी सरकपट्टी असते. १९७९ मध्ये आलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० मार्क-२ या यंत्रावर ती दोन्ही बाजूंना ८ टक्के फिरते. म्हणजे १४५ ठोक्यांची तबकडी सुमारे १३३ ते १५६ या मर्यादेत नेता येते. लग्गीची दुगुण येथे संभवत नाही. डीजेची लय टक्क्याटक्क्याने सरकते, उडी घेत नाही. तबकडीची गती बदलली की स्वरही बदलतो. साधारण सहा टक्क्यांनी तो एक श्रुतिपट, म्हणजे पेटीवरची एक लगतची पट्टी, चढतो वा उतरतो. त्यामुळे ठेका जुळविताना स्वर बिघडण्याचा धोका असतो, आणि जाणता डीजे कोणत्या रचनेनंतर कोणती घ्यायची हे स्वराधार पाहूनच ठरवितो. पुढे संगणकीय यंत्रांनी गती आणि स्वर यांची ही गाठ सोडविली.

द्रुतलयीत हे काम अवघड का होते, ते साध्या गणिताने कळते. दोन रचनांच्या गतीत एक टक्क्याची चूक राहिली, तर मिनिटाला १०० ठोक्यांच्या संगीतात पाव ठोक्याचा फरक पडायला १५ सेकंद लागतात. १४५ ठोक्यांच्या संगीतात तो साधारण १० सेकंदांतच पडतो, आणि दोन ढोल एकमेकांना अडखळू लागल्याचे ऐकू येते. लय जितकी द्रुत, तितका कानाला मिळणारा अवधी कमी. म्हणून डीजे एका कानाला हेडफोन लावून येऊ घातलेली रचना ऐकतो आणि दुसऱ्या कानाने चालू रचना. बोटाने तबकडीला किंचित रेटून वा अडवून तो हा फरक मिटवीत राहतो.

ठोके जुळले तरी संधान पुरे होत नाही. या संगीताची वाक्ये चार ठोक्यांच्या पटीत बांधलेली असतात. १६, ३२, ६४ ठोक्यांनी एक वर्तुळ पुरे होते. १४५च्या गतीला ३२ ठोक्यांचे वर्तुळ सुमारे १३ सेकंदांचे. नवी रचना अशा वर्तुळाच्या आरंभी, म्हणजे आपल्या भाषेत समेवर, सोडावी लागते. ती मधेच सुरू केली तर ठोके जुळूनही जोड चुकीचा वाटतो. दोन्ही रचनांचे खर्ज एकदम वाजले तर आवाज गढूळ होतो. यासाठी येणाऱ्या रचनेचा खर्ज दाबून ठेवायचा आणि योग्य समेला जुन्याचा काढून नव्याचा खुला करायचा, ही पद्धत आहे. संधान चालू असताना जे ऐकू येते, ते पहिल्या रचनाकाराचे नसते, दुसऱ्याचेही नसते. ही तिसरी रचना त्या दीडदोन मिनिटांपुरती अस्तित्वात असते. डीजेचे कर्तृत्व शोधायचे तर ते येथे शोधावे लागते.

४

हे तंत्र न्यूयॉर्क, शिकागो, डेट्रॉइट येथील नृत्यगृहांत सिद्ध झाले. आपल्या परिसरात त्याला वेगळे वळण मिळाले ते गोव्यातील हणजूणच्या किनाऱ्यावर. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून युरोप-अमेरिकेतील भटके तरुण हिवाळ्यात येथे येऊ लागले होते. पौर्णिमेच्या रात्री मोकळ्यावर होणाऱ्या त्यांच्या मेळाव्यांत प्रथम रॉक संगीत असे. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात त्याची जागा इलेक्ट्रॉनिक संगीताने घेतली, आणि फ्रेड डिस्को व लॉराँ या डीजेंची नावे या बदलाशी जोडली जातात. १९९०च्या दशकात 'गोवा ट्रान्स' हे नाव रूढ झाले. ड्रॅगनफ्लाय (१९९३), टिप (१९९४) यांसारख्या लंडनच्या ध्वनिमुद्रण संस्थांनी त्याचा प्रसार केला. त्याची गती साधारणपणे १३० ते १५० ठोक्यांच्या दरम्यान असे.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने लॉराँची पद्धत सर्वांत महत्त्वाची आहे. युरोपातून आलेल्या गीतांच्या कॅसेटी तो दोन डेकांवर लावी, गायिलेले भाग गाळी, वाद्यांचे तेवढे भाग पुन्हा पुन्हा जोडून लांबवी आणि अशी तयार केलेली फीत रात्री वाजवी. गोवा ट्रान्सचा पाया रचणारी एक क्रिया अशा रीतीने शब्दाच्या वजाबाकीची होती. हे शब्द मुळात होते आणि हेतुपुरस्सर काढले गेले. याची कारणे अनेक असावीत. नर्तक अनेक भाषांचे होते, गीताचा विषय मनाला एका प्रसंगाशी बांधतो, आणि रात्रभर चालणाऱ्या नृत्याला असा प्रसंग अडथळा वाटतो. कटावात शब्दांच्या दाटीने अर्थाला वेगवेगळे थांबू दिले नाही. येथे तेच काम शब्द काढून साधले.

साधनांचाही या रूपावर परिणाम झाला. उन्हाची, दमट हवेची आणि वाळूची जागा तबकड्यांना मानवत नाही. त्यामुळे हणजूणला कॅसेट आणि १९८७ नंतर डॅट ही अंकीय फीत चालली. मात्र प्रवासी डॅट-यंत्रांवर गती बदलण्याची सोय सामान्यतः नव्हती. ज्याला संधानाचा प्राण म्हटले ती ठोक्यांची जुळणी येथे दुर्घट होती. यावर तोड म्हणून रचनेच्या आरंभी व अखेरीस ठोका नसलेला, नुसत्या स्वरांचा लांब पट्टा ठेवण्याची आणि तेथेच एका रचनेचा सांधा दुसरीशी जुळविण्याची रीत पडली. ठेका विरतो, स्वर तरंगत राहतो, आणि त्याच्या आडून नवा ठेका येतो. कीर्तनात पूर्वरंग संपून उत्तररंग लागण्यापूर्वी नामघोष व बुक्का होतो, त्या मधल्या जागेचे कार्य याहून फारसे वेगळे नाही. तंत्रातील उणिवेतून रूपाचा एक विशेष जन्माला येतो, ही गोष्ट वाङ्मयाभ्यासकांना अपरिचित नसावी.

हणजूणच्या सर्वांत परिचित डीजेचे, गोवा गिलचे, काशीशी नाते आहे. कॅलिफोर्नियात १९५१ मध्ये जन्मलेला हा संगीतकार भारतात आल्यावर जुना आखाड्यात दीक्षा घेऊन बाबा मंगलानंद झाला. या आखाड्याचे प्रमुख स्थान दुर्गाघाटाच्या दक्षिणेला, काशीच्याच हनुमानघाटावर आहे. चोवीस तास चालणारे त्याचे प्रयोग प्रसिद्ध होते. २०२३ मध्ये गोव्यात त्याचे निधन झाले. आपल्या कलेला त्याने विधीचे स्वरूप दिले, आणि रात्रीच्या उग्रतेतून पहाटेच्या सौम्यतेकडे जाणारी चढउताराची आखणी तो जाणीवपूर्वक करी. यावरून हणजूणवर काशीच्या लयविचाराचा प्रभाव पडला, असे म्हणणे धाडसाचे होईल. तौलनिक अभ्यासात प्रभाव आणि साधर्म्य यांतला भेद राखावा लागतो. येथे आढळते ते साधर्म्य.

हा भेद आणखी एका कारणाने राखायला हवा. ज्या वर्षांत हणजूणला शब्द गाळले जात होते, त्याच वर्षांत गोव्यातील हिंदू घरांतून चतुर्थीला घुमट, शामेळ आणि कासाळे यांच्या चढत्या लयीवर मराठी आरत्या म्हटल्या जात होत्या. घुमटाला २०१९ मध्ये गोव्याचे वारसा-वाद्य म्हणून मान्यता मिळाली. द्रुतलयीची ही दोन जगे एकाच लहानशा भूमीवर, काही कोसांच्या अंतराने नांदली, पण त्यांची फारशी भेट झाली नाही. अरुण साल्दान्हा यांनी 'सायकेडेलिक व्हाइट' (२००७) या ग्रंथात हणजूणच्या मेळाव्यांतील वर्णभेदाचे बारकाईने विश्लेषण केले आहे. सर्वांना एक करणारे म्हणून वाखाणलेले हे नृत्य प्रत्यक्षात गोऱ्या शरीरांना एकत्र आणीत होते आणि भारतीयांना कडेला ठेवीत होते. चटया अंथरून रात्रभर चहा विकणाऱ्या स्थानिक स्त्रिया या प्रयोगाला आवश्यक होत्या, पण त्याच्या इतिहासात त्यांची नावे नाहीत. शब्द गाळणारी कला सर्वांची होते, हे गृहीतक त्यामुळे तपासून घ्यावे लागते. भाषेचा अडसर दूर झाला तरी इतर अडसर शिल्लक राहतात.

५

मुंबईतील एका घटनेचा येथे थोडक्यात निर्देश करायला हवा. हिंदी चित्रपटसृष्टीतील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा रागांची एक तबकडी एच.एम.व्ही.साठी केली. तिच्यात रोलँड कंपनीची टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रे वापरली होती. शिकागोचे 'अ‍ॅसिड हाउस' ज्या टीबी-३०३च्या वळणदार खर्जावर उभे राहिले, ते ध्वनिमुद्रणाच्या रूपाने १९८७ मध्ये आले. २०१० मध्ये ही तबकडी पुन्हा प्रकाशित झाल्यावर या संगीताचा जनक मुंबईत होता, असे कौतुकाने लिहिले गेले. असा दावा फार ताणू नये. प्रकाशनसमयी तबकडीकडे लक्ष गेले नाही, तिची परंपरा निर्माण झाली नाही. ती काय दाखविते, हे मात्र मोलाचे आहे. रागाचा आलाप बंदिशीच्या शब्दांवाचून उभा राहू शकतो, ही आपल्या संगीताची जुनीच ओळख. द्रुत यांत्रिक ठेक्यावर शब्दरहित स्वरविस्तार करताना सिंग यांना परकी वाट धरावी लागली नाही.

६

महाराष्ट्रात डीजे आला तो वेगळ्या वाटेने, आणि त्याच्याबरोबर शब्द परत आला. येथे प्रथम भाषेतील एक बदल नोंदवावा. इंग्रजीत 'डिस्क जॉकी' ही व्यक्ती आहे. मराठीत 'डीजे लावला', 'डीजे आणला', 'डीजे बंद करा', 'डीजेवर बंदी' अशी वाक्ये रूढ झाली. म्हणजे मराठी भाषकांनी हा शब्द वाहनावर रचलेल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीला आणि त्या मिरवणुकीलाच लावला. हणजूणच्या इतिहासात डीजेचे नाव उरले आणि स्थानिक माणूस गळाला. मराठी शब्दाच्या इतिहासात तर डीजे हा माणूसच गळाला आणि यंत्र उरले.

या मिरवणुकीत जे वाजते त्याचे मूळ कॅसेटयुगात आहे. प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांची भक्तिगीते, आनंद शिंदे यांची लोकगीते, वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या परंपरेतील भीमगीते, कोळीगीते यांना कॅसेटींनी घरोघर नेले. पुढे संगणकावर त्यांच्याखाली द्रुत ठेका घालून नवी रूपे तयार होऊ लागली. त्यांत हलगी, संबळ, नाशिक ढोल यांचे ध्वनी पेरले गेले. २०१६च्या 'सैराट'मधील 'झिंगाट'सारखे गीत तर या मिरवणुकीत मूळ गीताइतकेच त्याच्या असंख्य रूपांतरांनी वाजले. येथील संधान हणजूणहून निराळे आहे. गीते अखंड मिसळत नाहीत. मुखड्याची ओळ उचलली जाते, दोनचारदा उगाळली जाते, ठेका थांबविला जातो, समूह ती ओळ स्वतः ओरडून पुरी करतो आणि त्यावर ठेका पुन्हा कोसळतो. लग्गीत गायिका मुखडा धरून ठेवते. येथे ते काम जमाव करतो. शब्द तुकड्याने परततो, पण परततो तो ओळखीच्या खुणेसारखा. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत भीमगीताची अर्धी ओळ वाजली की उरलेली अर्धी हजारो कंठांत असते, आणि तिच्यामागे जलशांपासूनचा सबंध इतिहास असतो.

या संगीताचा विचार ध्वनिप्रदूषणाच्या प्रश्नापासून तोडता येत नाही. २०००च्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक वापरण्यास मनाई केली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर विस्तृत निर्णय दिला. वृद्ध, आजारी माणसे आणि लहान मुले यांना होणारा त्रास खरा आहे, आणि ऐकायचे नसलेल्याला ऐकायला लावणे हे कोणत्याही कलेचे समर्थन होऊ शकत नाही. पण आवाजाच्या पातळीवरचा आक्षेप आणि संगीताच्या प्रतीवरचा आक्षेप हे दोन वेगळे आहेत. पहिला मोजता येतो व मोजूनच सिद्ध करावा. दुसरा 'गोंगाट' या एका शब्दात उरकला जातो, तेव्हा त्या तुकड्यातुकड्याने येणाऱ्या शब्दांत कोणाचा इतिहास आहे, हे ऐकण्याची जबाबदारी टाळली जाते. अभ्यासकाला ती टाळता येत नाही.

नियमांचा रूपावर झालेला परिणामही नोंदविण्याजोगा आहे. रात्रीतून पहाटेकडे जाणारी हणजूणची आखणी कालावधीवरच उभी होती. दहाच्या मर्यादेने उघड्यावरच्या प्रयोगाची ती पहाटच कायद्याच्या बाहेर गेली. प्रहराला बांधलेले राग दोन तासांच्या सायंकालीन मैफलीत आल्यावर अनेक राग गायिलेच जाईनासे झाले, त्याच्याशी हे तुलनीय आहे.

७

आतापर्यंतच्या विवेचनातून द्रुतलयीतील शब्दाच्या चार अवस्था समोर येतात. कटावात शब्द वाढतो. लग्गीत तो एका ओळीवर स्थिरावतो. हणजूणला तो वजा होतो. मराठी मिरवणुकीत तो तुकड्याने परततो आणि समूहाकडून पुरा होतो. या अवस्था कालक्रमाने एकीतून दुसरी अशा निघालेल्या नाहीत. एकच लयप्रश्न भिन्न समाजांनी, भिन्न साधनांनी कसा सोडविला, त्याचे हे चार नमुने आहेत. त्यांना एकत्र पाहायला दुर्गाघाट उपयोगी पडतो, कारण मराठी कीर्तन आणि बनारसी ठुमरी या दोन द्रुतलयी तेथील माणसाच्या कानाला शेजारच्या आहेत.

यातून तौलनिक साहित्याभ्यासापुढे एक काम उभे राहते. शाहिराची वही, कीर्तनकाराचे बाड, गायिकेची तबकडी यांचे जतन उशिरा का होईना सुरू झाले. डीजेच्या संधानाचे तसे झालेले नाही. हणजूणच्या कॅसेटी व डॅट-फिती चुंबकीय द्रव्याच्या आहेत आणि दमट हवेत त्या नष्ट होत आहेत. डॅट वाजविणारी यंत्रेही आता बनत नाहीत. गावोगावच्या मिरवणुकींसाठी तयार झालेली गीतरूपे संगणक बदलला की पुसली जातात, आणि ती करणाऱ्यांची नावे कोठेच लिहिलेली नसतात. मूळ रचना पुन्हा मिळतील. दोन रचनांच्या मधली, दीडदोन मिनिटे जगलेली तिसरी रचना मात्र मिळणार नाही. मौखिक वाङ्मयाच्या संकलनात आपण जी प्रश्नावली वापरतो, म्हणजे कोणी, कोठे, कोणासमोर, कशानंतर काय म्हटले, तीच येथे लावता येईल. तिच्यातील 'कशानंतर काय' हा प्रश्न आजवर दुय्यम मानला गेला. संधानाच्या अभ्यासात तो पहिला ठरेल, आणि कीर्तनातील पदांचा क्रम किंवा मैफलीतील चिजांचा क्रम यांकडेही त्याच दृष्टीने पाहता येईल.